बशीतलं लिथियम क्लोराइड

दाताच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर रसायनशास्त्राच्या एक प्राध्यापिका, गाल धरून बसलेल्या आपल्या वहिनीचं मन रमवत होत्या.

"वन्सं, झालं का तुमचं प्रदर्शन?"

"झालं एकदाचं! मुलींनी स्वतः लिथियम क्लोराइड बनवलं होतं. लिथियम कार्बोनेटवर आम्ल ओतलं, फसफसणं थांबल्यावर आटवून कोरडं केलं. पांढरीशुभ्र पूड!"

"आपल्या मिठासारखी?"

"दिसायला तशीच, पण भारी हावरी. हवेतलं पाणी ओढते आणि त्यातच विरघळते. म्हणून बाटलीला घट्ट बूच लावलं होतं."

"मग?"

"आमच्या विभागप्रमुखांना बंद बाटली कशी चालेल? पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून चमचाभर काचेच्या बशीत काढलं आणि सर माइककडे गेले."

"खूप बोलले?"

"बालपणापासून सुरुवात केली."

"अगं बाई! आणि बशीत?"

"सर नोकरीला लागले तेव्हा कडा ओल्या झाल्या. त्यांना बढती मिळेपर्यंत मधेही चिखल."

"हसवू नका हो, दाढ ठणकते. पाहुणे काय म्हणाले?"

"ते बशीपाशी पोचले तेव्हा नुसतं पाणी. पहिलं बक्षीस शेजारच्या तुरटीला देऊन मोकळे झाले. आमच्या मुली अगदी रडवेल्या."

"अरेरे! म्हणजे सरांच्या भाषणानं पार पाणी केलं म्हणा की."

"सगळं नाही गं, वहिनी. सर खाली बसले तेव्हा निम्मं शिल्लक होतं."

"मग उरलेलं कुठं गेलं?"

"त्यांच्यानंतर माझं भाषण होतं ना."