भाऊसोंची एक वळ

आता ह्याला काय म्हणायचं, तुमीच सांगा! माणूस पहाटं उठतो, म्हसवडवरनं सांगलीला जातो, इस्त्रीची कापडं घालून विश्रामबागेतल्या त्या गारढोण हालमदी बसतो, अन् पडद्यावर काय लिवलेलं? 'महामारीच्या काळात जागतिक व्यापार धोरणातले सर्व बदल सर्वांना वेळेवर कळवले. पारदर्शकता : उत्तम.' उत्तम! आमच्या भाऊसोंच्या बशीतला च्या सांडला की वो!

भाऊसो म्हंजी आमच्या डाळिंबवाल्यांच्या गटाचं अध्यक्ष. ह्यो अहवाल लिवणाऱ्या समितीच्या बैठकीचं बोलावणं त्यास्नी, मी कोंडीबा निसता गाडी चालवाया. तर तुमास्नी सांगतो, करोनाच्या साली ह्यांनी सगळ्या गटाची डाळिंबं गोळा केली, परदेशी धाडली, कंटेनर बंदरावर पोचला, अन् तिथनं फोन... 'नवीन दाखला लागतो.' कंचा दाखला? 'मंगळवारी नियम बदललाय.' आवं, पर सांगितलं कुणाला? तर म्हणं, 'संकेतस्थळावर होतं की!'

आता आमच्या माळावर रेंज कुठं? भाऊसो टेकाडावर चढाया निघालं, तर वाटंत पोलिसानं धरलं. "लॉकडाऊन हाय, कुठं निघालाय?" ह्यांनी आपलं खरं ते सांगितलं, "परदेशाचं धोरण बघाया!" पोलिसाला वाटलं, म्हातारं टिंगल करतंय... दिल्या की दोन मांडीवर! तसंच लंगडत वर चढलं, तर संकेतस्थळ आपलं गोल फिरतंय, फिरतंय... उघडलं तवर नियम आनखी एकदा बदलल्याला! एकोणीस दिस माल बंदरात. दाणं काळं पडलं. अन् गटातली लोकं काय म्हणाया लागली? 'अध्यक्षाला समदं म्हाईत हुतं, त्यानंच दडवलं.' माल गेला त्येचं एवढं न्हाई वो, पर ह्या बोलण्यानं पाच वरसं माणसाच्या घशाखाली घास उतरला न्हाई.

म्हणून उठलं भाऊसो त्या हालमदी! "सायेब, एक वळ लिवा. 'आमास्नी कुणीबी कळवलं न्हाई.' बास!"

जयराजसायेब, म्हंजी त्या समितीचं मोठं सायेब, लय गोड बोलणारं. "भाऊसाहेब, जेवणानंतर बघू ना. आधी हजेरीवर सही करून टाका."

"सही? आमी काय ग्रामसभा बघितली न्हाई व्हय? सह्या आधी, अन् ठराव मागनं, सवडीनं! आधी वळ, मग सही."

"अहो, पण संकेतस्थळावर होतं की!"

"मग आजच्या बैठकीला मला चारदा फोन कशाला केला? टाकायचं हुतं संकेतस्थळावर!"

तिकडं मटणाचा वास सुटलेला, माजं प्वाट वरडतंय, मी मागनं खुणावतोय, 'भाऊसो, करा की सही'... पर माणूस हलंल तर शपथ! साडेतीन वाजलं, रस्सा निवला, तवा कुठं सायबांनी वळ लिवली. भाऊसोंनी चष्मा लावून तीनदा वाचली, मग सही केली. डोळं भरून आलं वो त्यांचं. म्हणालं, "कोंडीबा, आता गावात जाऊन मोठ्यानं सांगतो!"

"थांबा, थांबा..." सायबांनी दुसरा कागद काढला. "हा पारदर्शकतेचा अहवाल गोपनीय आहे. इथं जे बोललं गेलं ते बाहेर सांगणार नाही, म्हणून इथं एक सही."

"म्हंजी मी बोललेलं मीच सांगायचं न्हाई?"

"नियम आहे. सही नसेल तर तुमची ओळ काढावी लागेल."

"कवा झाला ह्यो नियम?"

"आज सकाळी. संकेतस्थळावर होतं की!"

काय करतील? पाच वरसांनी घावलेली वळ! केली सही. गावात आलो, भाऊसोंच्या घरच्या हरणावैनींनी दारातच इचारलं, "काय झालं वो सांगलीला?" तर हे गप. हालमदी दणाणलेला माणूस, घरात तोंडाला कुलूप! वैनी बघाया लागल्या माज्याकडं. आता डायवरची कुणी सही घेतली न्हवती... म्हणून चार दिस झालं, पारावर, एष्टीत, घराघरांत, मीच सांगत सुटलोय. भाऊसो येत्यात संगं. बोलत न्हाईत, शेजारी बसून निसती मान हलिवत्यात. मान हलवाया मनाई न्हाई म्हणं... आजच्या तारखेला तरी.