सायलेन्सरमधली कुंभारीण

आज येरमाळ्याहून एसटीनं का आलो म्हणता? ऐका मग.

आमची स्कूटर महिनाभर उभीच होती. सकाळी काढली, तर चालूच होईना. प्लग पुसला, कार्बोरेटर उघडून साफ केला, किक मारून मारून पाय भरून आला. शेवटी सायलेन्सरच्या तोंडाला हात लावला, तर हवाच येत न्हाय! बॅटरी मारून आत बघितलं. कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधून भोक पार लिंपून टाकलेलं.

तार घेऊन उकरायला बसलो, तेवढ्यात बायको धावत आली. "हात लावू नका! कुंभारीण घर करती तिथं पाळणा हलतो."

आमची लेक पुण्याला असती. लग्नाला लई वर्षं झाली, दवाखाने करून थकली बिचारी. तिची आई आता कशावरबी आस लावून बसती. तरी मी म्हणलं, "अगं, भिंतीवर घर केलं तर गोष्ट येगळी. ही स्कूटर हाय."

"व्हय, पण स्कूटर कुणाच्या नावावर हाय?"

लेकीच्याच नावावर हाय. कॉलेजला जायला तिलाच घेतली होती.

तार खुंटीला अडकवली अन् गुमान एसटीचा थांबा गाठला.