तळाच्या भेगेतलं पाणी

धाकटी : लेबलावर काय लिहिलंय ते राहू द्या, भाऊजी. माझ्या प्रयोगशाळेसाठी पाण्याच्या बाटल्या कुठून भरल्यात तेवढं सांगा.

भाऊजी : आल्याआल्या हे काय? बस तरी. खाणीच्या तळाशी, तीन किलोमीटर खाली. त्या भेगेतून.

धाकटी : तिथं पाणी साठ अंशांचं. उजेड नाही, हवा नाही. तिथले जिवाणू खडकातल्या वायूवर जगतात, हवा लागली की मेलेच. तुमच्या पहिल्या पाच बाटल्यांतले मेले. पुढच्या नऊ बाटल्यांतले उघड्या ताटलीत मजेत वाढले.

भाऊजी : मग? तूच तर नाचत आली होतीस.

धाकटी : आले होते. पाताळातले जिवाणू हवेत जगायला शिकले, असं छापून मोकळी झाले. काल दुसऱ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. म्हणे, हे साध्या नळाच्या पाण्यातले आहेत.

भाऊजी : पंपघरातला नळ.

धाकटी : काय?

भाऊजी : खाणीच्या तोंडाशी पंपघर आहे, तिथला. तुझ्या हाताला कोमट लागावं म्हणून किटलीत जरा तापवायचो.

धाकटी : तापवायचात!

भाऊजी : पाचव्या बाटलीनंतर खाणीत छत कोसळलं ना, त्यानंतर मी खाली गेलेलोच नाही. जोडीदाराचं प्रेत माझ्या डोळ्यांदेखत बाहेर काढलं. आता लिफ्टचं दार वाजलं तरी मी मागच्या मागे फिरतो. मुकादमानं गुपचूप, खाली जाणाऱ्यांना दिवे वाटायच्या खिडकीवर बसवलंय.

धाकटी : मग मला सांगायचं होतं! मी दुसरं कुणी पाहिलं असतं. डोळे झाकून विश्वास टाकला होता तुमच्यावर.

भाऊजी : सांगायला निघालो होतो एकदा. चपलासुद्धा घातल्या होत्या.

धाकटी : मग कुणी अडवलं?

भाऊजी : ते... तुझ्या बहिणीला विचार.

ताई : (स्वयंपाकघरातून, हात पुसत) मी अडवलं.

धाकटी : ताई, तुला माहीत होतं?

ताई : पहिल्यापासून. तू बोलली असतीस, खाणीच्या साहेबाच्या कानावर गेलं असतं आणि यांना घरी बसवलं असतं. मला वाटलं, पाणी ते पाणी. त्यात असं काय दिसणार आहे?

धाकटी : माझ्या सत्काराला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस तू.

ताई : तुझ्यासाठीच वाजवत होते गं.

धाकटी : पंपघराच्या नळासाठी, ताई.

ताई : चुकलंच माझं. आता काय करणार आहेस?

धाकटी : छापलेलं मागे घेणार. सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार.

भाऊजी : माझं नाव घे. हवं तर मी येतो बरोबर.

धाकटी : नको. नमुने घ्यायला मी स्वतः खाली जायला हवं होतं, एवढंच सांगेन. ते काही खोटं नाही. तुमची नोकरी जाणार नाही, भाऊजी. तुम्ही घाबरला होतात, ते मला कळतं.

ताई : आणि माझ्यावरचा राग?

धाकटी : माझ्याकडची या घराची किल्ली टेबलावर ठेवलीय, ताई. पुढच्या वेळी बेल वाजवीन.