दहा खुर्च्या आणि एक वॉशिंग मशीन

...आणि वर मलाच म्हणतात, ओरडू नकोस! अहो, ओरडू नको तर काय करू? तुम्ही तिऱ्हाईत आहात, तुमचं यात काही जात नाही, येत नाही, तेव्हा तुम्हीच न्याय करा. टेबल कशासाठी असतं? साधा प्रश्न आहे. चार पाय, वर फळी. शेंबड्या पोरालाही विचारा, म्हणेल काहीतरी ठेवायला. चूक! आमच्या घरी टेबल असतं ते पुसायला!

तुम्हाला सांगते, आमच्याकडे जेवणाची खोली आहे. कोपरा नव्हे, खोली! दार असलेली, दाराला कुलूप असलेली. घरातली सगळ्यात मोठी, दोन खिडक्यांची, सगळ्यात चांगल्या उजेडाची... आणि त्यात राहतं कोण? टेबल. दहा खुर्च्यांचं, गडद लाकडाचं, बाबांना बढती मिळाली तेव्हा त्यांनी हौसेने करवून घेतलेलं. लाकडावर पॉलिश, पॉलिशवर जाड कापड, कापडावर आत्याने भरलेली चादर, चादरीवर प्लास्टिक. त्या टेबलाच्या अंगावर जेवढे कपडे आहेत ना, तेवढे ऐन थंडीत माझ्या अंगावर नसतात! खुर्च्यांनासुद्धा झबली आहेत. ती काढायची, धुवायची, वाळवायची, परत घालायची. कोणी? आईने. आणखी कोण!

आणि आम्ही हाडामांसाची माणसं जेवतो कुठे? ऐका. बाबा टीव्हीसमोर, ताट मांडीवर. आत्या पलंगाच्या कडेला, ताट उशीवर. दादा फ्रिजपुढे उभा. दार उघडायचं, तिथेच खायचं आणि दार पायाने लोटायचं. मी जिन्याच्या पायरीवर. आणि आई ओट्याशी उभ्याउभ्या, एक हात आमच्या ताटांसाठी, दुसऱ्या हातात तिचा घास, तोही गार झालेला. गुडघे दुखतात हो तिचे. एकदा न राहवून म्हटलं, "आई, दहा खुर्च्या आहेत घरात, एकीवर टेक ना!" तर आत्या तिच्या खोलीतून... आत्याला दोन भिंतींपलीकडचंही ऐकू येतं, फक्त समोरचं ऐकू येत नाही... आत्या तिकडून म्हणते, "आणि पाहुणे आले तर?"

झालं! संपलं! यावर कोणी बोलायचंच नाही. बाबा मान डोलावणार, आई झबल्यांच्या घड्या घालणार. अहो, कोण पाहुणे? कुठले पाहुणे? आजकाल सांगितल्याशिवाय कोणी येत नाही, आणि सांगतात तेव्हा म्हणतात बाहेरच भेटू. आमच्याकडे शेवटचे पाहुणे जेवून गेले तेव्हा दादाला मिसरूड फुटायचं होतं. आता त्याचं कपाळ मागे सरकायला लागलंय!

आता यातली खरी गंमत ऐका. मी काम काय करते? घरांचे आराखडे! चांगली पाच वर्षं घासून शिकले, आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले, आणि लोकांना दिवसभर काय सांगते? वेगळी जेवणाची खोली कशाला, ती भिंत पाडा, जागा वापरा, मोकळा श्वास घ्या! आणि घरी येऊन पायरीवर बसून जेवते. शेजारच्याला पोहायला शिकवायचं आणि आपण बादलीत बुडायचं.

तर सरांनी... सर म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक... त्यांनी मला पहिल्यांदाच अख्खं घर दिलं. माझं स्वतःचं पहिलं घर, म्हणजे राहायचं नाही, आखायचं! बांधून घेणाऱ्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान. बाई एकदम टापटीप. आराखड्यावर करंगळीच्या नखाने टकटक करायच्या, जणू कुठली भिंत किडलीये ते बघतायत. आणि यजमान... यजमान फक्त दोनच शब्द बोलायचे, "हो ना." बाई म्हणाल्या गच्ची मोठी हवी, "हो ना." मी म्हटलं मोठी गच्ची तापते, "हो ना." एवढी वर्षं डॉक्टरांपुढे आ करून बसल्यावर दुसरं काय बोलणार बिचारे!

बाईंचा एकच हट्ट, जेवणाची खोली. आणि मी पेटले! म्हटलं, "मॅडम, रोज जेवता कुठे?" म्हणाल्या, "स्वयंपाकघरात, घाईघाईने." म्हटलं, "मग वर्षातून एकदा उघडायच्या खोलीला वर्षभर झाडू का मारायचा? त्या जागेत स्वयंपाकघर मोठं करू, तिथेच टेबल, करणारी आणि जेवणारे समोरासमोर, सगळे गरम गरम जेवतील!" बोलताना माझ्या डोळ्यांपुढे काय होतं, सांगायला नको. बाईंनी नखाने आराखड्यावर टकटक केलं. मग म्हणाल्या, "बरं, मॉडेल करून दाखव. पटलं तर करू." आणि सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नाही पटलं तर हे काम टायवाल्याकडे जाईल." टायवाला म्हणजे आमचा सिनियर. उन्हाळ्यातही टाय लावतो आणि माझ्या खुर्चीकडे असा बघतो की जणू बसमधली सीट, कधी एकदाची उठते!

म्हणजे सगळं काय ते त्या मॉडेलवर. पुठ्ठ्याचं घर. त्याला लागतं काय? कटर, गोंद आणि एक सपाट टेबल. ऑफिसात कोपराला कोपर लागतो, सर म्हणाले घरीच कर. घरी! मी बाबांकडे गेले, सरळ मागितलं. "बाबा, दोन दिवस टेबल द्या." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी किडनी मागितली. "त्या टेबलावर? गोंद?" आणि तिकडून, दोन भिंतींपलीकडून... म्हणा, तुम्हीच म्हणा आता... "आणि पाहुणे आले तर?"

इस्त्रीचं टेबल घेतलं, ते डुगडुगतं. पलंग मऊ. शेवटी घरात सपाट, घट्ट, बरोबर उंचीची एकच जागा उरली. वॉशिंग मशीन! शनिवारी दिवसभर मशीनपुढे उभी राहून एकेक भिंत कापली, खिडक्या कोरल्या, ते मोठं स्वयंपाकघर केलं, त्यात नखाएवढं टेबल आणि नखाएवढ्या खुर्च्या. छप्पर चिकटवलं आणि म्हटलं सुकेपर्यंत चहा घेऊ. आता मला काय माहीत, दादाने सकाळीच आत कपडे कोंबून टायमर लावून ठेवला होता! चहाचा कप तोंडाला लावते तोच मागून घरघर... मग धडधड... आणि पिळायला लागल्यावर आमचं मशीन कसं करतं, ते नुसतं हलत नाही, चालतं! धावले. माझं घर थरथरत, नाचत, कडेकडेने... डोळ्यांदेखत गेलं खाली. छप्पर एकीकडे, गच्ची दुसरीकडे, नखाएवढ्या खुर्च्या मशीनने सोडलेल्या साबणाच्या पाण्यात तरंगतायत! आणि दादा येऊन म्हणतो काय? "माझा निळा शर्ट आहे हं त्यात, गोंद नाही ना लागला?"

मी रडले नाही. मी रडतच नाही, माझ्या डोक्यात तिडीक जाते! रविवारी सकाळी उठले, आत्याच्या शिवणाच्या डब्यातून किल्ली काढली आणि उघडलं दार. प्लास्टिक काढलं, चादर काढली, कापड काढलं. टेबलाला पहिल्यांदाच वारा लागला असेल! खाली जाड पुठ्ठा अंथरला, म्हणजे मी काही अगदीच जंगली नाही, आणि लागले कापायला. बाबा दारात. नुसतं "कटर... कटर..." आत्या मागून, "दिवसाढवळ्या दरोडा! आमच्या वेळी मुली अशा..." म्हटलं, "आत्या, तुमच्या वेळी मुली ओट्याशी उभ्या राहून जेवायच्या, ते दिसतंय मला अजून रोज!" आई मधे, "अगं, हळू बोल." का हळू? मी म्हटलं, "बाबा, तुम्ही हे टेबल माणसांना जेवायला आणलंत की माणसं टेबलाला सांभाळायला?" बाबा म्हणाले, "हौसेने आणलं गं..." आणि तुम्हाला सांगते, त्यांचा चेहरा असा काही झाला की मला क्षणभर... पण नाही! विरघळायचं नाही!

दुपारपर्यंत घर परत उभं राहिलं. गोंद ओला होता. तेवढ्यात फोन. डॉक्टरीणबाई! "आम्ही इथे जवळच आलोय गं. उद्या गावाला निघतोय. मॉडेल घरीच येऊन बघू का? जरासंच. त्रास नाही होणार." पलीकडून, "हो ना." मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार! फोन ठेवला. आत्याने विचारलं कोण गं. म्हटलं, "माझं काम देणारी माणसं. येतायत."

आणि मग आत्या, हळूच, घोगऱ्या आवाजात, "म्हणजे... पाहुणे?"

अहो, काय सांगू! एरवी पलंगावरून न हलणारी आत्या धावायला लागली! बाबा पळाले, पॉलिशचा डबा घेऊन पळत परत आले! "जेवूनच जातील! जेवल्याशिवाय सोडायचं नाही!" दहा खुर्च्यांची झबली भराभर उतरली, काचेची भांडी कपाटातून निघाली, ती आहेत हेच मला माहीत नव्हतं! दादाने काय केलं? माझं ओलं घर दोन्ही हातांनी उचललं. मी किंचाळले, "कुठे नेतोस?" म्हणाला, "टेबल लागेल ना. पाहुणे येतायत." आणि ठेवलं. कुठे? बरोबर. मशीनवर! मी आधी प्लग उपटला आणि मग श्वास घेतला.

बाई आल्या. मॉडेल बघायला मी त्यांना न्हाणीघराच्या बोळात नेलं, वर वाळत घातलेले दादाचे मोजे. मी घसा खाकरला, "मॅडम, हे मोठं स्वयंपाकघर..." आणि बाबा मागून, "आधी जेवण! गार होईल!" घेऊन गेले की हो त्यांना!

बाई टेबलापाशी बसल्या. दोन्ही खिडक्यांतून उजेड, लाकूड असं चमकतंय, बाबा खुर्ची ओढून देतायत, आत्या कधी नव्हे ते गोड बोलतेय. आणि आई? आई दारात उभी, भांडं हातात. बाई म्हणाल्या, "तुम्ही पण बसा ना." आई म्हणाली, "मी नंतर." आत्या म्हणाली, "ती बसली तर वाढणार कोण?" आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. पाहुणे असोत की काम जावो! म्हटलं, "आई, बस! भांडं मधे ठेव. सगळ्यांना हात आहेत, ज्याचं त्याने घ्यावं!" सगळ्यांचे घास थांबले. बाबा टेबलाकडे बघतायत, आत्या माझ्याकडे. टायवाल्याच्या टायची गाठ मला डोळ्यांपुढे दिसली. आणि तेवढ्यात यजमान म्हणाले, "हो ना." आणि भांडं स्वतःकडे ओढून घेतलं, आधी आईच्या ताटात वाढलं!

आई बसली. आधी कडेला, मग नीट टेकून. गरम जेवली हो! मला वाटलं जिंकले. मी बाईंकडे वळले, म्हटलं, "बघितलंत ना मॅडम? सगळे एकत्र, गरम गरम! हेच तर मी त्या स्वयंपाकघरात..." बाईंनी ताटावरून नजर फिरवली, खिडक्यांवरून फिरवली, करंगळीच्या नखाने टेबलावर टकटक केलं आणि म्हणाल्या, "हेच! अगदी हेच हवंय मला. अशीच वेगळी खोली, एवढंच मोठं टेबल. तू आखशील ना?" मी म्हटलं, "पण मॅडम, रोज तर तुम्ही..." तर म्हणाल्या... नाही, त्यांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा आत्याच्या तोंडावरचं तेज तुम्ही बघायला हवं होतं... म्हणाल्या, "अगं, पण पाहुणे आले तर?"

काम मिळालं. टायवाला गेला उडत. पण काय आखायचं? जेवणाची खोली! सर म्हणाले, "त्यांचं घर, त्यांची खोली, तुझं काय जातं?" आणि घरी आईला म्हटलं, "बघितलंस?" तर आई भांडी पुसता पुसता म्हणते, "खुर्ची मऊ आहे गं ती. इतकी वर्षं धुतेय, कळलंच नव्हतं." आता यावर कोणाला ओरडायचं?

सोमवारी सकाळी उठले, म्हटलं आता खोली उघडलीच आहे तर टेबलावर बसून काम करू. कुलूप! दहाही झबली परत अंगावर, प्लास्टिक परत वर. बाबा खूश, "पाहुणे काय म्हणाले ऐकलंस ना!" आणि आई ओट्याशी. उभी.

मग मी सूड घेतला. बाईंची खोली आखली, दोन खिडक्या दिल्या, दहा खुर्च्या दिल्या, स्वयंपाकघराजवळची खुर्ची सगळ्यात मऊ असावी असं बाजूला लिहून दिलं. पण दार? दार दिलंच नाही! नुसती कमान. लावा आता कुलूप, बघू कशाला लावता! छाती फुगवून आराखडा पाठवला. आज बाईंचा फोन. "सगळं अप्रतिम आहे. फक्त एक जरासं. दार राहिलंय बघ. टेबलावर धूळ बसेल गं, आणि ऐनवेळी पाहुणे आले तर?" मी यजमानांना विचारलं, तुम्ही तरी सांगा. काय म्हणाले असतील?

तर दार आखतेय. कुलपासकट. मशीनवरच ठेवलाय कागद, दुसरी जागा कुठेय? आत दादाचा निळा शर्ट पिळला जातोय, त्यामुळे रेघ जरा थरथरतेय... पण थरथरू दे. कुलूप ते कुलूपच. थरथरलं म्हणून काय उघडणार आहे?