देवळापाशी काढलेल्या चपला

नास्तिकपणाचा मले लय माज होता राजेहो, पण एकदा असा जिरला की इचारूच नका! लग्न ठरलं अन् होणारे सासरे रिसोडाहून एसटीनं आमच्या गावी जागा पाहाले आले. आमच्या मारोतीच्या देवळाचा सभामंडप त्याईनंच सुचवला होता. पायरीपाशी त्याईनं चपला काढल्या. मी घालूनच उभा.

म्हटलं, "मामाजी, मी देव मानत नाही. देवळात लग्न लावणार नाही. आपण लॉन पाहू."

"मी तरी कुठं मानतो, जवाईबापू?"

"मंग देऊळ कायले पाह्यजे?"

ते हळूच म्हणाले, "लहानपणी तुमच्या गावात ज्वारीच्या सोंगणीले येत होतो. आमच्या जातीले ही पायरी चढू देत नोते. पाणीबी वरूनच ओतत. म्हटलं, पोरीच्या लग्नात तरी आतून पाहू."

'आत चाला' एवढंच म्हणायचं होतं मले. त्याईनंच चपला पायात घातल्या. "चाला, तुमचं लॉन पाहू."

अन् मी गेलो ना!

लग्न लॉनवरच झालं. लोकं आजबी म्हणतात, लय सुधारक लग्न केलं तुमी. मी खाली मान घालतो, तं त्या चपलाच दिसतात.