आधी सुई, मग शिक्का

नाय नाय, बाही खाली करा आधी. सुई काय पळून जात नाय. मला सांगा, एवढ्या खुशीत हात पुढं कसा केलात तुमी? बावीस वर्षं बोईसरात सुया टोचतेय, भाऊ — परदेशी जाणारे किती आले नि गेले. भट्टीसमोर आठ-आठ तास उभे राहणारे गडी, पण सुई दिसली की भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतात. आन तुमी? बसल्या बसल्या बाही वर! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग पासपोर्ट उघडला. नाव चंद्रभान, वय एक्केचाळीस, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण. तुमची भुवई तर कशी, आत्ता इस्त्री करून आणल्यासारखी! — हसू नका. कोण तुमचा हा चंद्रभान? मोठा भाऊ? तरी म्हटलं, नाक तेच हाय.

मग तुमचं नाव? इंद्रजीत. बरं, इंद्रजीतभाऊ, हे काय कारखान्याचं हजेरीकार्ड हाय? एकाला उशीर झाला की दुसऱ्यानं मशीनला लावायचं — "माझं पण लाव रे" — मला सगळं ठाऊक हाय, माझे निम्मे पेशंट एमआयडीसीतलेच. पण पिवळ्या तापाची लस तुमच्या दंडात नि तिचं पिवळं कार्ड त्याच्या खिशात, हे कसं चालेल? तिकडं डास चावायला आला की कार्ड दाखवणार काय तुमचा दादा? "थांब बाबा, माझ्या भावानं घेतलीय!" डास वाचायला शिकलाय?

कधी निघायचंय त्याला? वीस तारखेला, युगांडाला. म्हंजे आज नाय घेतली तर दहा दिवस भरत नायत, विमानात घेत नायत, नि ती नोकरी दुसराच कुणी पटकावतो. — काय? माहीत हाय त्याला? तरी येत नाय? पोरीच्या कॉलेजसाठी आफ्रिकेत जायला तयार, नि एवढ्याशा सुईला भितो! — नाय, मस्करी पुरे. भीतीला वय नसतं. आमचे हे पण तसेच होते. माडावर सरसर चढायचे, पण सुई म्हटली की पोटात दुखायचं. वाडीत गंजका पत्रा घुसला पायात, मी तेव्हा गावातल्याच दवाखान्यात नर्स होते, धनुर्वाताची सुई काढली. म्हणाले, "उद्या घेतो गं. आज लिहून टाक घेतली म्हणून, नायतर आय ओरडेल." मला हसू आलं. लिहिलं मी. नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नाय, पण रजिस्टरात तर लिहायला लागतं ना — नरहरी. नि पुढं बरोबरची खूण. काय सुंदर अक्षर होतं माझं! दुसऱ्या दिवशी ते विसरले, नि मी — मी पण विसरले. नवव्या दिवशी सकाळी चहा प्यायला तोंडच उघडेना—

काय सांगत होते मी? हां, कार्डावरचा शिक्का. पाणी नको हो मला, बसा तुमी. हे कुणालाच सांगितलेलं नाय मी, सासूला पण नाय. ती मरेपर्यंत म्हणत होती, माझ्या सुनेनं येळेवर सुई दिली होती, नशीबच फुटकं. तेव्हापासून मला सुईची नाय, त्या खुणेची भीती वाटते. म्हणून इथं आधी सुई, मग शिक्का. मंत्री आला तरी.

आता जरा खिडकीतून बघा. समोर उसाच्या रसाच्या गाडीमागं कोण उभा हाय तो? भुवई काय इथून दिसत नाय, पण नाक तेच. मघापासून तिसरा ग्लास चाललाय. लशीची बाटली मी फोडलीय, चार जणांना दिली, एकाची उरलीय — फोडलेली उद्यापर्यंत ठेवता येत नाय. ती त्याचीच हाय. जा, घेऊन या. ओढत आणा, उचलून आणा, रडला तर मी दार लावून घेईन. नि हो, मी जे बोलले ते त्याला सांगितलंत तरी चालेल. आज चालेल.

— या, चंद्रभानराव. बसा. इंद्रजीतभाऊ, तुमी बाहेर. आन चंद्रभानराव, कॅलेंडर त्या भिंतीवर हाय. वाचा, मोठ्यानं.