शत्रूचा श्वास ऐकणारी

खोटं बोललात तुम्ही! हो, तुम्हालाच म्हणतोय — जगाच्या त्या दोन उंच खुर्च्यांवर बसून आभाळाची वाटणी करायला निघालेल्यांनो! म्हणालात, 'आम्ही अंतराळात चाललोय ते अवघ्या मानवजातीसाठी.' मानवजातीसाठी? मग चोरून एकमेकांचं ऐकत का बसला होतात? आणि ऐकता ऐकता माणसाचं मरण कानावर आलं, तेव्हा तोंडं का शिवलीत?

दचकू नका मंडळी. ते काही या मंडपात नाहीत. असते तर पहिल्या रांगेत बसले असते, आणि आरतीआधीच प्रसाद बांधून घेऊन गेले असते!

आता मला सांगा, नवविधा भक्तीत पहिली भक्ती कोणती? — श्रवण! बरोबर. कीर्तनाचा नंबर दुसरा. म्हणजे मी दुसरा, तुम्ही पहिले. खूश? मग पहिल्या नंबरानं उत्तर द्यायचं. वैऱ्याचं संकट तुमच्या कानावर आलं. दुसऱ्या कुणाच्याच आलं नाही. तुम्ही बोललात तर तो वाचतो, आणि तुमचं घर बुडतं. काय कराल? — भिकोबा, नुसती मान डोलावू नका, हा होय-नाहीचा प्रश्न नाही!

तर ऐका. वर्तमानपत्रात शोधू नका. आख्यान आहे हे, पंचनामा नव्हे.

त्या काळी दोन दादा होते. एक तांबडा, एक निळा. नावं मी घेत नाही, तुमच्या ओठांवर आलीच आहेत. दोघांची शर्यत लागलेली — आभाळात आधी कोण, जास्त दिवस कोण! यानं गोळा सोडला की त्यानं मोठा गोळा सोडायचा. त्यानं कुत्रं पाठवलं की यानं माकड पाठवायचं. आपल्याकडे दोन भाऊबंद बांधावरून भांडतात ना, तसंच. फरक एवढाच, की यांचा बांध आभाळात होता आणि मोजणीला तलाठी जात नव्हता!

निळ्या दादानं उत्तरेच्या थंडगार समुद्रात एका बेटावर ठाणं बांधलं होतं. काम काय? तांबड्याची यानं डोक्यावरून गेली की त्यांचं बोलणं चोरून ऐकायचं. तिथं एक बाई नोकरीला. नाव व्हेरा. व्हेरा म्हणजे तांबड्याच्या बोलीत श्रद्धा! ती निळ्याची नोकर, पण आई तांबड्याच्या मुलखातून पळून आलेली. म्हणून तिकडची बोली पोरीला येत होती. कानाला हेडफोन, पुढ्यात टाइपरायटर. नियम एकच — ऐकायचं, बोलायचं नाही. आणि आईचे निळ्याच्या देशात राहायचे कागद? साहेबाच्या सहीला अडकलेले! कळलं ना दोरी कुणाच्या हातात होती?

त्या आठवड्यात तांबड्यानं एक गडी वर सोडला. एकटा. नाव तिमोफे. आपण तिमाजी म्हणू. हरकत घ्यायला तो खाली थोडाच येणार आहे? दीड तासात पृथ्वीला एक फेरा. बेटावरून गेला की दहा मिनिटं आवाज यायचा, मग गडप. व्हेरा तीन दिवस त्याला ऐकत होती. त्याचा खोकला ऐकला, शिंक ऐकली, बेसूर गुणगुणणं ऐकलं. दररोज सकाळी तो आपल्या लोकांना सांगायचा, "डबा बदलला. सगळं ठीक." डबा म्हणजे जेवणाचा नव्हे हो! यानातली हवा गाळायचा डबा. रोज नवा लावायचा. नाही लावला तर आपलाच उच्छ्वास आपल्याला गुंगवतो, आणि गुंगलेल्या माणसाला वाटतं, काय छान झोप येतेय!

चौथा दिवस. फेरा आला. तिमाजी बोलला — जड जिभेनं, दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे. मग नुसता श्वास. भराभरा. आणि 'डबा बदलला' नाहीच!

व्हेरानं मागचे कागद चाळले. पहिला दिवस — डबा. दुसरा — डबा. तिसरा — डबा. आज कोरं. आणि तांबड्याचं एकही ठाणं पुढच्या सहा फेऱ्यांत त्याच्या वाटेवर नव्हतं. म्हणजे नऊ तास!

ती धावली ठाण्याच्या साहेबाकडे. हॉब्ज त्याचं नाव. तिथं आधीच तीन पंडित जमलेले. यंत्रानं कागदावर उमटवलेली श्वासाची पट्टी टेबलावर पसरून मोजत होते — चार आखूड, एक लांब, तीन आखूड...

"व्हेरा, बरं झालं आलीस," हॉब्ज म्हणाला. "शत्रूनं नवी सांकेतिक भाषा काढलीय. श्वासाची!"

"साहेब, ती भाषा नाही. माणूस गुदमरतोय."

"हा लांब श्वास पाहिलास? हा पूर्णविराम असणार," एक पंडित म्हणाला.

"आपण काही केलं नाही तर होईलच पूर्णविराम!"

मंडळी, अतिशहाण्यांचं असंच असतं. दारात माणूस ठेचकाळून 'आई गं' ओरडला, तर हे व्याकरण तपासतील — संबोधन आहे की केवलप्रयोगी!

व्हेरा म्हणाली, "दोन शब्द सांगायचेत त्याला. डबा बदल. आपल्याकडे जहाजांशी बोलायचं यंत्र आहे."

"आणि त्यांना कळू दे, की आपण ऐकतो?" हॉब्जनं दार लावून घेतलं. "तू तिकडच्या बाईची मुलगी. तू तिकडच्या माणसाशी बोललीस, तर याला काय म्हणतात ठाऊक आहे? फितुरी! तुझं जाऊ दे. आईला या वयात कुठे पाठवू?"

"वर विचारा तरी, साहेब."

विचारलं. वरच्यांनी आणखी वर विचारलं. उत्तर आलं — आधी संकेत उलगडा, मग बघू!

व्हेरा जागेवर येऊन बसली. समोर आईचा फोटो नव्हता, देवाचीही तसबीर नव्हती. आई तर चुलीपाशी सूप ढवळत असेल, तिला काय पत्ता! व्हेराचा हात एकदा यंत्राकडे गेला. मागे आला. ती काही शूर नव्हती हो.

फेरा आला. श्वास — आणि मग त्या जड जिभेनं एकच वाक्य: "कोणी आहे का?"

वैऱ्याला विचारलं नव्हतं त्यानं. मित्रालाही नाही. आभाळाला विचारलं! आणि आभाळाखाली त्या घटकेला ऐकणारं एकच माणूस होतं.

व्हेरानं कळ दाबली. "आहे! तिमोशा, डबा बदल!"

लाडाचं नाव ते. तिच्या आईच्या गल्लीत प्रत्येक तिमोफेला तशीच हाक मारायचे.

"कोण? आई?"

"कोणी का असेना! ऊठ. डबा बदल."

"थोड्या वेळानं... झोप येतेय..."

"झोपलास तर याद राख! आधी डबा, मग झोप!"

"ओरडतेस काय..." — आणि खडखड. काहीतरी पडलं. तो बडबडतोय, ही दटावतेय, हॉब्ज मागे येऊन उभा राहिलाय, आणि तेवढ्यात आवाज गडप! यान क्षितिजाखाली.

बदलला की नाही? देवाला ठाऊक. दीड तास थांबायचं. हॉब्जनं पहारेकरी बोलावले, यंत्राची तार उपटली. तिला मात्र खुर्चीवरून उठवलं नाही. का? अहो, त्यालाही ऐकायचं होतं! एक हेडफोन त्यानं स्वतःच्या कानाला लावला. दोघं शेजारी शेजारी.

फेरा आला. खरखर. मग खणखणीत — "डबा बदलला. सगळं ठीक. डोकं फुटतंय. मघाशी ओरडली ती बाई कोण?"

हॉब्जनं डोळे मिटले. हसला की काय, कोण जाणे. मग पट्टी पुढे ओढून म्हणाला, "वर काय कळवू?"

"कळवा, संकेत उलगडला," व्हेरा म्हणाली. "अर्थ — माणूस."

नोकरी त्याच दिवशी गेली. आईचे कागद आणखी चार वर्षं कुजवले. तिमाजी खाली उतरला, हार पडले. तांबडा म्हणाला, आमच्या वीरानं स्वतःच संकट ओळखलं! निळा म्हणाला, आम्ही कुणाचं काही ऐकतच नाही! दोघंही छातीवर हात ठेवून बोलले. छाती कुठे असते ते तरी माहीत होतं, एवढंच.

हसलात? हसा. आता पखवाज थांबवा.

आपल्या वरच्या आळीत एक घर आहे. नाव घेत नाही. रोज दिवेलागणीला तिथं मार खाणाऱ्या सुनेचं ओरडणं ऐकू येतं. तुमची नोकरी जाणार नाही, तुमच्या आईला कुणी हाकलणार नाही. फार तर त्या घरचा अबोला पत्कराल. त्या घराच्या डावीकडचे आज इथं आहेत. उजवीकडचे आहेत. समोरचे तर टाळ घेऊन माझ्या मागे उभे आहेत! महिनाभर मी इथं मुक्कामाला आहे, म्हणजे मीही ऐकलंय, आणि मीही गेलेलो नाही.

आरती होईल, प्रसाद होईल, घाई नाही. आधी मला सांगा — उद्या दिवेलागणीला माझ्याबरोबर त्या दारावर थाप मारायला कोण येणार? खाली बघू नका. बोला!